मुडपलेला अंगठा

गिटारवरचं बाकी सगळं क्रांतीच्या हाताला आलं होतं. सी कॉर्ड आला, जी आला, ए मायनर तर पहिल्याच आठवड्यात आला. एफ तेवढा येत नव्हता. म्हटलं तर काहीच नाही त्यात. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टेकवायचं, बाकीची तीन आपापल्या जागी ठेवायची आणि उजव्या हातानं वरून खाली तारा छेडायच्या. पण ती छेडायला गेली की दोन तारा बोलायच्या, दोन खरखरायच्या आणि उरलेल्या दोन भिजल्या लाकडावर टिचकी मारावी तशा ठप्प.

"दाबा ताई, दाबा," प्रसेनजीत सर सुरुवातीला म्हणायचे. पुढं पुढं म्हणायला लागले, "ताई, एवढं पण दाबू नका. गिटार हाय ती, पळून जाईत न्हाय."

राजारामपुरीत एका दाताच्या दवाखान्याच्या वर सरांचा क्लास होता. शेजारच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवायचे. भिंत पातळ. इकडं एफ खरखरला की तिकडं पोरं एका सुरात 'हाऊ डू यू डू' म्हणायची, आणि क्लासमधल्या कॉलेजच्या पोरांना हसू फुटायचं. त्या बॅचला गळ्यात मंगळसूत्र असलेली क्रांती एकटीच. पहिल्या दिवशी मंगळसूत्राचे मणी गिटारच्या लाकडावर टकटक वाजत राहिले आणि सर ताल कोण चुकवतंय म्हणून सगळ्या पोरांकडं बघत बसले. तेव्हापासून जिना चढताना ती मंगळसूत्र पाठीवर टाकायची आणि उतरताना पुन्हा पुढं घ्यायची.

गिटार तिची नव्हतीच. ती अमरसिंहची, तिच्या नवऱ्याची. पॉलिटेक्निकला असताना हौसेनं घेतलेली. दीड गाणं शिकून झाल्यावर ती हॉलच्या भिंतीवर गेली आणि लग्न होऊन क्रांती घरात आली तेव्हा कॅलेंडरशेजारी शोभेला लटकत होती. साक्षीच्या बाळंतपणानंतर एका दुपारी क्रांतीनं धूळ पुसायला म्हणून ती खाली घेतली. पुसता पुसता तारेला फडकं लागलं आणि एक जाड, लांबलचक आवाज खोलीभर पसरला. पाळण्यातल्या साक्षीनं लगेच भोकाड पसरलं. पण क्रांती मात्र तो आवाज पुरता विझेपर्यंत फडकं हातात धरून उभी राहिली.

का, ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. दिवसभर तिच्या हातातलं प्रत्येक काम संपायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. भांडी घासली की पुन्हा तीच भांडी. दुपटी वाळत घातली की पुन्हा तीच दुपटी. पोरीचं पोट भरलं की ते पुन्हा रिकामं व्हायला लागायचंच. गिटारचं तसं नव्हतं. काल जिथं सोडली तिथून आज बोटभर पुढं सुरू व्हायची. दिवसातलं एवढं एकच काम होतं जे पुढं सरकत होतं.

आणि आता तेच एफपाशी येऊन अडलं होतं. अडलं असतं तरी चाललं असतं, पण अंगठा दुखायला लागला.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या वर. आधी नुसती कळ यायची, मग सूज आली. साक्षीला पाळण्यातून उचलताना एकदा एवढी सणक भरली की पोर हातातून सुटते की काय असं झालं. सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी खालून हात घातला म्हणून निभावलं.

डॉक्टरांनी अंगठा मुठीत घालायला लावला, मनगट खाली वाकवलं आणि क्रांतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बाळ झाल्यावर बऱ्याच जणींना होतं हे, उचलून उचलून," डॉक्टर म्हणाले. "आणखी काय करता या हातानं?"

"गिटार वाजवते," क्रांती खाली बघत म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मलम लिहून दिलं, पट्टा दिला. "हे बघा, बाळ तर उचलावंच लागणार. मग दुसरं सोडा. महिन्यानं दाखवा. सूज उतरली तर उत्तम. तशीच राहिली तर प्लॅस्टर, आणि मग दोन्ही बंद."

घरी आल्यावर अमरसिंहनं जेवता जेवता ऐकून घेतलं. उद्यमनगरातल्या कारखान्यातून तो दमून आला होता.

"मग सोड की," तो म्हणाला. "त्यात काय एवढं? मी पण सोडलीच की."

"तुम्हाला सोडवली हो."

"म्हणजे?"

"काही नाही. भात वाढू?"

सासूबाई, चिमणाबाई, साक्षीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. क्रांती त्यांना आत्या म्हणायची. क्लासच्या वेळेला पोरीला त्याच सांभाळायच्या. क्रांतीला वाटलं, त्या तरी काही बोलतील. त्या बोलल्या, पण भलतंच.

"वाजवायचं तर धड वाजव बाई. न्हायतर बंद कर. रोज नुसतं खर्र खर्र, खर्र खर्र. माझ्या डोस्क्यात मुंग्या हुत्यात."

दुसऱ्या दिवशी ती पट्टा बांधूनच क्लासला गेली. सरांना सगळं सांगितलं. सर खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि म्हणाले, "वाजवू नका. नुसता हात लावा गिटारला. एफ धरा."

तिनं धरला. सरांनी मान वाकवून मागून बघितलं. गिटारच्या दांडीच्या मागं अंगठ्याचं पोट टेकायला पाहिजे, सरळ, मोकळं. क्रांतीचा अंगठा मधल्या पेरात मुडपून आत गेला होता आणि त्याचं हाड लाकडात रुतलं होतं. नख पांढरं पडलं होतं.

"हे मी किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

"सांगता सर. मी सरळ करते. पण जोर द्यायची वेळ आली की तो आपोआप मुडपतो."

"आधी काय वाजवत होता? पेटी? सतार?"

"काहीच नाही."

"मग हा अंगठा शिकवला कुणी?"

क्रांती हसली. सर हसले नाहीत. "खरंच विचारतोय ताई. कुणाचाच हात कोरा येत न्हाय. मी लहानपणापासून आमच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचो. जयंतीला रात्र रात्र. मग गिटार घेतली. दोन वर्षं ह्या तारांवर थाप मारत हुतो मी, आणि मलाच कळत नव्हतं. वाटायचं गिटारच खराब हाय. तसं तुमचा हात कुठनं तरी आलाय. कुठनं, ते बघा. तोवर एफ राहू दे. महिनाभर क्लासला आला न्हाईत तरी चालंल."

जिना उतरताना मंगळसूत्र पुढं घ्यायचं ती विसरली.

मग नागपंचमी आली. माहेरचा मुराळी म्हणून तिला न्यायला वडील, गुंडूअण्णा, छत्री आणि पिशवी घेऊन दारात उभे राहिले. माहेर राधानगरीच्या पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला. अमरसिंह स्टँडवर सोडायला आला. गिटार घेऊ का, असं तिनं विचारलंही नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही. एसटीच्या खिडकीतून पाण्याचे शिंतोडे येत होते. साक्षीला पदराखाली घेऊन ती बसली. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. त्यामुळं त्या दिवशी हाताला विसावाच होता. आईनं, बायडाबाईनं, पुरणाची दिंडं उकडली. झिम्मा खेळायला आलेल्या पोरी क्रांतीला ओढायला लागल्या तेव्हा तिनं पट्टा दाखवला.

"आगं बया, काय झालं?"

"काही नाही, साक्षीला उचलून."

आईला मात्र तिनं खरं ते सांगितलं. आईनं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली, "मग सोड की त्ये लचांड. मला वाटलं, काय मोठं झालं."

सगळ्यांचं एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात चंद्री हंबरत होती. चंद्री म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. क्रांतीच्या लग्नाआधी ती रेडकू होती, क्रांतीच्याच हातून पेंड खाल्लेली. आता दुसऱ्यांदा व्यालेली होती. बायडाबाई साक्षीला अंघोळ घालत होत्या, पाय लांब करून, पोरीला पायावर पालथी टाकून.

"क्रांते, बस की जरा धारंला. दूधसंस्थेची येळ व्हायला आलीया. दुखलं तर सोड, मी येतो मग."

कितीतरी दिवसांनी क्रांती म्हशीखाली बसली. गुडघ्यात चरवी धरली, कासेला पाणी मारलं, दोन्ही हातांनी सड धरले आणि काही विचार करायच्या आत हात चालू लागले. चर्र, चर्र. आणि डाव्या अंगठ्यातून तीच सणक. हाताखाली गिटार नव्हती तरी सणक तीच, जागा तीच.

तिनं खाली बघितलं.

तिचा अंगठा मधल्या पेरात मुडपून आत गेला होता. सड चार बोटांत धरलेला आणि आतून अंगठ्याचं हाड त्यावर रुतलेलं. लहानपणी याच गोठ्यात आईनं तिचा हात आपल्या हातात धरून तिला असंच शिकवलं होतं. अंगठा मुडप. मुडपून दाब. मग बघ कशी चरवी भरतीया. या गावात सगळ्या बायका अशीच धार काढायच्या. हात दमला किंवा काम पटकन उरकायचं असलं की अंगठा आपोआप आत जायचा. जोर म्हणजे मुडपलेला अंगठा, हे तिच्या हातानं अक्षर गिरवायच्याही आधी गिरवलेलं होतं.

"मग हा अंगठा शिकवला कुणी?"

ती म्हशीखाली बसल्या बसल्या एकटीच हसायला लागली. चंद्रीनं मान वळवून बघितलं.

"आई, इकडं ये."

"आगं पोरगी पायावर हाय माझ्या!"

"तसंच टॉवेलात गुंडाळून घेऊन ये. तुझा अंगठा दाखव."

बायडाबाई ओली पोर काखेत घेऊन आल्या. त्यांनी हात पुढं केला. अंगठ्याच्या पेरावर सुपारीएवढी गाठ होती. क्रांतीनं ती लहानपणापासून बघितलेली. आईचा अंगठा असाच असतो, एवढंच तिला वाटायचं.

"दुखतं का गं?"

"आता काय दुखतंय? म्हातारा झाला त्यो बी. थंडीत जरा ठणकतो." आईनं हात मागं घेतला. "शेजारच्या बनाबाईचा तर सरळच हुईना झालाय. भाकरी बी तसल्याच हातानं थापतीया."

क्रांती पुन्हा सडांकडं वळली. अंगठा बाहेर काढला, सरळ केला. पूर्ण मूठ मिटून धार काढायला लागली. वरून एक एक बोट आवळत खाली यायचं. हात ऐकेना. एक दोन धारा नीट आल्या की अंगठा गपकन आत. पुन्हा बाहेर काढला. पुन्हा आत. धार चरवीत पडायच्या ऐवजी तिच्या साडीवर. चंद्रीला हा कारभार पसंत पडला नाही. तिनं पाय झाडला आणि दूध वर चढवून घेतलं.

"आगं काय करालीस?" बायडाबाई ओरडल्या. "असं काढलंस तर सांज हुईल! ऊठ, ऊठ, मी बसतो."

"थांब जरा."

"संस्था काय तुझ्यासाठी थांबतीया व्हय?"

"एक दिवस नाही घातलं दूध तर चालेल. खवा करू."

क्रांतीनं हात सोडून दिले. खांदे वर चढले होते ते खाली आले. तिनं चंद्रीच्या पोटाला कपाळ टेकलं. म्हशीच्या कातडीला शेणाचा, पेंडीचा, ओल्या वैरणीचा वास येत होता. तिनं नुसता तळवा कासेवरून फिरवला. दाबलं नाही, ओढलं नाही. तिकडं आईच्या काखेत साक्षी थंडीनं कुरकुरायला लागली आणि तो आवाज कानावर पडताच क्रांतीच्या छातीत दूध दाटून आलं, चोळी ओली झाली. ते काही तिनं जोर लावून आणलं नव्हतं. तिकडं सासरी घाई असली, कुणी दारात उभं असलं की पोरीनं किती ओढलं तरी दूध येत नाही, हे तिला या वर्षात चांगलं कळलं होतं.

चंद्रीनं लांब उसासा टाकला. सड भरून आले. क्रांतीनं सरळ अंगठ्यानं मूठ मिटली, हलकेच, आणि जेवढ्यानं धार आली तेवढ्यावरच थांबली. त्याहून जास्त आवळली नाही. हात कोपरातून लोंबू दिला. धार बारीक होती, पण आली. मग दुसरी आली.

आठवडाभर ती माहेरी राहिली आणि दोन्ही वेळा धारेला बसली. आई रोज कटकट करायची. अण्णा म्हणायचे, "करू दे की पोरीला. चार दिस आलीया." साक्षीला उचलतानाही आता क्रांतीचं लक्ष हाताकडं जायचं. काखेत अंगठे रोवून उचलायची ती सवय तिनं सोडली. खालून पूर्ण हात घालून पोरीला अंगाशी ओढून घ्यायची. हे जमायलाही दिवस गेले. घाईत अंगठा पहिल्या जागी जायचाच. पण आता तो गेला की तिला कळायचं.

कोल्हापूरला परत आल्यावर तिनं भिंतीवरची गिटार काढली. तारा गंजट झाल्या होत्या. चिमणाबाई देवघरातून म्हणाल्या, "आलं का परत ते खर्र खर्र?"

"आत्या, आजपासून आवाजच येणार नाही," क्रांती म्हणाली.

आणि खरंच, कितीतरी दिवस आवाज आला नाही. ती एफ धरायची, पण दाबायचीच नाही. बोट तारांवर नुसतं ठेवायची. अंगठा मागं सरळ, हात कोपरातून खाली सोडलेला. छेडलं की नुसतं ठप्प, ठप्प. सरांनी हेच मागं कधीतरी सांगितलं होतं. बोट ठेवा, मग जरा जरा भार वाढवा, आवाज उघडला की तिथंच थांबा. तेव्हा तिला ते ऐकू आलं होतं, पण हाताला ऐकू आलं नव्हतं. आता ती भार वाढवत जायची. पहिली तार उघडायची. अंगठा आत जायला बघायचा. ती सगळं सोडून द्यायची, हात झटकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. पोर उठली की थांबायची. दळण आलं की थांबायची. पण थांबून परत आलं तरी हात काल होता तिथून जरा पुढंच असायचा.

महिना भरला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा अंगठा मुठीत घालून मनगट वाकवलं. दुखलं. पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

"सूज बरीच उतरलीय," ते म्हणाले. "सोडली ना गिटार?"

"नाही," क्रांती म्हणाली. "अंगठा सोडला."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. मग तिनं दाखवलं कसं धरायची आणि आता कशी धरते ते. साक्षीला उचलूनही दाखवलं. डॉक्टरांनी मान हलवली. "पंधरा मिनिटांच्या वर नाही. दुखलं की बंद. पुढच्या महिन्यात पुन्हा या." अमरसिंह शेजारी उभा होता. जिना उतरताना तो म्हणाला, "तारा बदलायला पाहिजेत न्हवं तिच्या? गंजल्यात."

क्लासला ती गेली त्या दिवशी शेजारच्या इंग्रजीवाल्यांना सुट्टी होती. सगळीकडं शांत. तिनं एफ धरला आणि छेडला. पाच तारा बोलल्या, एक जराशी खरखरली. सर उठून मागं आले, वाकले, बघितलं.

"अंगठा कुठं गेला तो?"

"माहेरी ठेवून आले सर. म्हशीचा होता."

सरांना काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले आणि मांडीवर थाप मारली, अगदी ढोलकीवर मारावी तशी.

गणपतीच्या आधी एक दिवस दुपारी फोन वाजला. गावाकडून, आकारामदादाच्या दुकानातून. आई फोनवर नेहमी ओरडूनच बोलायची, जणू मधली सगळी वाट तिला आवाजानंच चालायची होती.

"क्रांते! म्हशीला काय शिकवून गेलीस गं?"

"का, काय झालं?"

"अंगठा लावला की पाय उचलतीया भवानी! मुठीनं काढलं तरच उभी ऱ्हातीया. ह्या वयात मला मूठ शिकाय लावली तिनं. हात नुसता भरून येतोय." आई थांबली. मग जरा हळू म्हणाली, "पर ठणकायचा कमी आलाय. अंगठा."

क्रांतीनं आपल्या डाव्या अंगठ्याकडं बघितलं.

"आनि तुझं काय झालं? त्ये वाजत न्हवतं, त्ये वाजलं का?"

"ऐकतेस?"

तिनं फोन पलंगावर उताणा ठेवला. साक्षी रांगत त्याच्याकडं निघाली. आत्यांनी तिला मागं ओढून धरलं. क्रांतीनं एफ धरला आणि छेडला, एकदाच, आणि आवाज विझेपर्यंत हात हलवला नाही. मग फोन कानाला लावला.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

पलीकडं दुकानातली गडबड, कुणाची तरी सायकल, रेडिओवरचे बाजारभाव ऐकू येत राहिले. मग आई बोलली, पण क्रांतीशी नाही, दुसरीकडं तोंड करून.

"आकाराम, त्यो रेडू बंद कर रं जरा. पोरगी वाजवतीया." आणि पुन्हा फोनमध्ये, "हं. वाजीव बघू परत."

क्रांतीनं फोन पलंगावर ठेवला. बोट तारांवर टेकवलं, आधी नुसतंच, न दाबता.